लोहाफेक्स : दक्षिण महासागरातील एक प्रयोग आणि त्यामागचे राजकारण

तापमानवाढीला आळा घालण्यासाठी पृथ्वीच्या हवामानात माणसाने जाणीवपूर्वक आणि मोठ्या प्रमाणावर हस्तक्षेप करावा की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतांशी शास्त्रज्ञांच्या परिसंवादांपुरता मर्यादित होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र तो आंतरराष्ट्रीय करारांच्या बैठकांत, मंत्रालयांच्या पत्रव्यवहारात आणि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर येऊन पोहोचला. अशा हस्तक्षेपाला भू-अभियांत्रिकी म्हणतात आणि त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात : पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशाचा काही अंश परतवून लावणे हा एक, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड काढून घेऊन तो दीर्घकाळ साठवून ठेवणे हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारातील ज्या उपायावरून जगातील पहिले ठोस आंतरराष्ट्रीय नियम जन्माला आले, तो उपाय म्हणजे समुद्राला लोहाचे खत घालणे. आणि त्या नियमांची पहिली मोठी कसोटी लागली ती २००९ साली, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून केलेल्या ‘लोहाफेक्स’ या प्रयोगाच्या वेळी.

या उपायामागची शास्त्रीय कल्पना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद उलगडत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्ये मुबलक असूनही तेथे वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ अपेक्षेपेक्षा फारच कमी होते, हे कोडे समुद्रशास्त्रज्ञांना बराच काळ सतावत होते. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग सागरी प्रयोगशाळेचे जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर लोहाच्या अभावात शोधले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे उत्तर नवे वाटणार नाही, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने पिवळ्या पडलेल्या द्राक्षवेलीला किंवा उसाला तो फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, देतो आणि पाने पुन्हा हिरवी झालेली पाहतो. समुद्राच्या बाबतीत लोह मुख्यतः जमिनीवरून वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीतून, नद्यांतून आणि किनाऱ्यालगतच्या गाळातून मिळते; त्यामुळे किनाऱ्यापासून दूर असलेल्या, धूळ न पोहोचणाऱ्या पाण्यात त्याचा दुष्काळ असतो. अंटार्क्टिकातील बर्फाच्या गाभ्यांवरून असे दिसले होते की हिमयुगांच्या काळात हवेत धूळ जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी होता. या दोन गोष्टींची सांगड घालून मार्टिन यांनी असे प्रतिपादन केले की त्या धुळीतील लोहामुळे प्लवकांची वाढ झाली, त्यांनी कार्बन शोषला, आणि तो त्यांच्या मृत अवशेषांबरोबर खोल समुद्रात गेला. अर्धे जहाजभर लोह मिळाले तर आपण नवे हिमयुग आणून दाखवू, अशा अर्थाचे त्यांचे १९८८ सालचे विधान पुढे जगभर गाजले. अर्धवट विनोदाने केलेल्या या विधानाचे गंभीर परिणाम पाहायला मार्टिन राहिले नाहीत. १९९३ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी, त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलापागोस बेटांजवळच्या प्रशांत महासागरात त्यांच्या सिद्धान्ताची पहिली प्रत्यक्ष चाचणी घेतली.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंड, जपान, कॅनडा अशा देशांच्या शास्त्रज्ञांनी असे सुमारे डझनभर प्रयोग केले. लोह मिळताच प्लवक वाढतात, पाण्याचा रंग पालटतो, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक प्रयोगात दिसून आली. परंतु हवामानाच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न वेगळाच होता. प्लवकांनी शोषलेला कार्बन जर वरच्या थरातच खाल्ला गेला, कुजला आणि पुन्हा हवेत परतला, तर त्या हिरवाईचा काहीच उपयोग नाही. तो साधारण एक हजार मीटरच्या खाली गेला तरच शतकभर किंवा त्याहून अधिक काळ हवेपासून दूर राहतो. बहुतेक प्रयोग इतके अल्पकाळ चालले की प्लवकांच्या बहराचा शेवट पाहण्याआधीच जहाजांना परतावे लागले. २००४ साली ‘पोलारश्टेर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरून झालेला ‘आयफेक्स’ हा प्रयोग याला अपवाद होता. त्याच्या निष्कर्षांनुसार बहरातील किमान निम्मा कार्बन एक हजार मीटरच्या खाली गेला, मात्र हे निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध होण्यास २०१२ साल उजाडले.

विज्ञानाचे उत्तर असे अर्धवट असतानाच व्यापाराने या क्षेत्रात पाऊल टाकले. क्योटो करारानंतर कार्बनच्या श्रेयांकांची, म्हणजे एका ठिकाणी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात दुसऱ्या ठिकाणी उत्सर्जनाची मुभा देणाऱ्या प्रमाणपत्रांची, बाजारपेठ उभी राहू लागली होती, आणि समुद्रात लोह टाकून असे श्रेयांक विकता येतील असा हिशेब काही कंपन्यांनी मांडला. २००७ साली रस जॉर्ज यांच्या ‘प्लँक्टॉस’ या अमेरिकी कंपनीने गॅलापागोसच्या पश्चिमेस शंभर टन लोहचूर्ण टाकण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा पर्यावरणवादी संघटनांनी त्याविरुद्ध जोरदार आवाज उठवला. गुंतवणूकदार मागे हटल्याने २००८च्या आरंभी कंपनीने हा बेत सोडून दिला, तरी त्या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली : कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणाऱ्या खुल्या समुद्रात कोणी काय टाकावे, हे ठरवणारा पुरेसा स्पष्ट नियम जगाजवळ नव्हता.

त्यातल्या त्यात जवळचा नियम होता तो १९७२ सालच्या लंडन कराराचा आणि त्याची जागा घेण्यासाठी १९९६ साली झालेल्या लंडन प्रोटोकॉलचा. हे दोन्ही दस्तऐवज जहाजांतून समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालण्यासाठी तयार झाले होते. लोहखत हा कचरा आहे की संशोधनाचे साधन, याचे उत्तर त्यांच्या मूळ मसुद्यात शोधूनही सापडणे कठीण होते. २००७ साली या करारांच्या शास्त्रीय गटांनी समुद्राला मोठ्या प्रमाणावर खत घालण्याच्या योजनांबाबत चिंता व्यक्त केली, आणि हा विषय आपल्या अधिकारकक्षेत येतो अशी भूमिका सदस्य देशांनी घेतली.

दरम्यान दुसऱ्याच एका व्यासपीठाने अधिक कडक पाऊल उचलले. मे २००८ मध्ये जर्मनीतील बॉन येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांची नववी परिषद भरली. यजमान देशाचे पर्यावरणमंत्री झिगमार गाब्रिएल परिषदेचे अध्यक्ष होते. या परिषदेने सर्व सदस्य देशांना असे आवाहन केले की पुरेसा शास्त्रीय आधार मिळेपर्यंत आणि जागतिक पातळीवर पारदर्शक व परिणामकारक नियंत्रणव्यवस्था उभी राहीपर्यंत समुद्राला खत घालण्याचे उपक्रम होऊ देऊ नयेत. याला एक अपवाद ठेवण्यात आला होता : किनारी पाण्यातील लहान प्रमाणावरचे शास्त्रीय अभ्यास, आणि तेही परिणामांची आगाऊ तपासणी करून, काटेकोर देखरेखीखाली आणि कार्बन श्रेयांकांच्या विक्रीचा हेतू नसेल तरच. कंपन्यांना रोखण्याचा या ठरावामागचा हेतू रास्त होता, पण ‘किनारी’ या एका अटीने मोठा पेच निर्माण केला. किनारी पाण्यात लोह आधीच भरपूर असते, त्यामुळे लोहाच्या अभावाचा अभ्यास तेथे करणे निरर्थक ठरते. युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने पुढच्याच महिन्यात ही मर्यादा मनमानी आणि घातक असल्याचे मत नोंदवले. ऑक्टोबर २००८ मध्ये लंडन करार व प्रोटोकॉलच्या सदस्यांनी संमत केलेल्या ठरावात वैध शास्त्रीय संशोधनाला मुभा देण्यात आली, त्यात किनाऱ्याची अट नव्हती. परंतु वैध संशोधन कोणते हे ठरवण्याची कार्यपद्धती तेव्हा तयार झालेली नव्हती. अशा रीतीने २००८च्या अखेरीस एकाच विषयावर दोन आंतरराष्ट्रीय ठराव अस्तित्वात होते, दोन्ही कायद्याने बंधनकारक नव्हते, आणि दोहोंत मेळ नव्हता.

लोहाफेक्सची आखणी या ठरावांच्या आधीपासून चालू होती. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील संस्था. तेथील डॉ. वाजिह नक्वी यांचा अभ्यासविषय होता समुद्रातील ऑक्सिजनची कमतरता आणि तिच्यातून निर्माण होणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू, जो तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट प्रभावी आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात ऑक्सिजन कमी होत असताना हा वायू कसा वाढतो, हे नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. लोहखताच्या विरोधकांना वाटणारी एक प्रमुख भीती हीच होती, की प्लवकांचे अवशेष कुजताना खोल पाण्यातील ऑक्सिजन संपेल आणि असे वायू बाहेर पडतील. म्हणजे ज्या दुष्परिणामांची शंका घेतली जात होती, त्यांचाच जाणकार या प्रयोगाच्या नेतृत्वस्थानी होता, ही बाब पुढच्या वादात बरीचशी दुर्लक्षित राहिली. त्यांच्याबरोबर मुख्य शास्त्रज्ञ होते आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक, जे स्वतः भारतात लहानाचे मोठे झाले होते आणि ज्यांनी आयफेक्सचे नेतृत्व केले होते. दोन्ही देशांच्या संशोधन परिषदांमधील सहकार्याच्या करारावर ऑक्टोबर २००७ मध्ये, जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या भारतभेटीच्या वेळी, स्वाक्षऱ्या झाल्या, आणि लोहाफेक्स हा त्या सहकार्यातील प्रमुख प्रकल्प ठरला.

७ जानेवारी २००९ रोजी पोलारश्टेर्नने दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन बंदर सोडले. जहाजावर सुमारे पन्नास शास्त्रज्ञ होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतीय होते. योजनेनुसार सुमारे २० टन फेरस सल्फेट तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात मिसळायचे होते. हिशेब केल्यास हे प्रमाण दर चौरस मीटरला साधारण ६७ मिलिग्रॅम भरते. जहाज निघताच कॅनडातील ‘ईटीसी ग्रुप’ या संघटनेने हा प्रयोग म्हणजे बॉन येथील ठरावाचा भंग असल्याचे जाहीर केले आणि जगभरातील संघटनांना विरोधाची हाक दिली. हा प्रयोग किनारी पाण्यात नाही, तीनशे चौरस किलोमीटरचे क्षेत्र लहान म्हणता येत नाही, आणि आगाऊ तपासणी जनतेसमोर आलेली नाही, असे तिचे आक्षेप होते. आठच महिन्यांपूर्वी ज्या देशात आणि ज्या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली हा ठराव झाला, त्याच देशाचे सरकारी जहाज आता लोह घेऊन निघाले होते, त्यामुळे जर्मन पर्यावरण मंत्रालयाची मोठी अडचण झाली. मंत्रालयाने प्रयोग थांबवण्याची मागणी केली. संशोधन मंत्रालय आनेटे शावान यांच्याकडे होते. त्यांच्या मंत्रालयाने १३ जानेवारीच्या सुमारास असा आदेश दिला की स्वतंत्र तपासणी होईपर्यंत समुद्रात लोह टाकू नये.

पुढचे दोन आठवडे या इतिहासातील सर्वांत बोलके ठरतात. जहाज दक्षिण अटलांटिकच्या खवळलेल्या पाण्यातून ठरलेल्या क्षेत्राकडे जात होते, शास्त्रज्ञ उपग्रहांच्या नोंदींवरून योग्य आवर्ताचा, म्हणजे स्वतःभोवती संथपणे फिरणाऱ्या पाण्याच्या प्रचंड स्तंभाचा, शोध घेत होते, आणि पुढे काय करायचे याचा निर्णय मात्र बर्लिनमध्ये दोन मंत्रालयांच्या ओढाताणीत अडकला होता. जहाज जर्मन ध्वजाचे असल्याने कायदेशीर जबाबदारी जर्मनीची होती, त्यामुळे निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञ भारतीय असूनही परवानगीचा प्रश्न जर्मन सरकारातच सुटणार होता. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण आणि कील येथील समुद्रविज्ञान संस्था यांच्याकडून पर्यावरणीय मत मागवण्यात आले, तसेच कायदेतज्ज्ञांचाही सल्ला घेण्यात आला. समुद्रात मिसळणारे लोह किनारी पाण्यातील नैसर्गिक प्रमाणापेक्षा कमीच राहील, आणि प्रयोगातून पर्यावरणाला हानी होण्याची शक्यता दिसत नाही, असा एकूण सूर निघाल्यावर २६ जानेवारीला संशोधन मंत्रालयाने हिरवा कंदील दाखवला. पर्यावरण मंत्रालयाची नाराजी मात्र कायम राहिली.

लोहाफेक्ससाठी निवडलेले आवर्त साधारण ४८ अंश दक्षिण अक्षांशावर होते. आवर्ताच्या गाभ्यातील पाणी आजूबाजूच्या पाण्यात सहजासहजी मिसळत नाही, त्यामुळे तो गाभा निसर्गाने तयार केलेल्या परीक्षानळीसारखा वापरता येतो. फेरस सल्फेट टाक्यांमध्ये समुद्राच्या पाण्यात विरघळवून ते द्रावण जहाजाच्या मागील बाजूस, पंख्याने घुसळल्या जाणाऱ्या पाण्यात सोडले जाई, आणि जहाज प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या एका तरंगत्या खुणेभोवती वाढत्या वर्तुळांत फिरत राही, जेणेकरून लोह संपूर्ण क्षेत्रात सारखे पसरावे. काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा लोह देण्यात आले. असा हा पट्टा ३९ दिवस सतत निरीक्षणाखाली ठेवण्यात आला. त्याच्या आतले आणि बाहेरचे पाणी वेगवेगळ्या खोलींवरून गोळा करून प्लवकांचे प्रकार, पोषकद्रव्ये, विरघळलेले वायू आणि खाली बुडणारे कण मोजण्यात आले. १७ मार्च रोजी जहाज चिलीतील पुन्ता अरेनास बंदराला लागले.

निष्कर्ष लोहखताच्या समर्थकांना निराश करणारे होते. पहिल्या दोन आठवड्यांत वनस्पतिप्लवकांचे प्रमाण दुपटीने वाढले, पण नंतर वाढ थांबली. या पाण्यातील सिलिकॉनयुक्त पोषकद्रव्य आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवले होते, आणि त्याअभावी डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेले व कार्बनसह लवकर बुडणारे प्लवक, वाढू शकले नाहीत. जे लहान, मऊ प्लवक वाढले त्यांना कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांनी फस्त केले, आणि या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्या कवचधारी जीवांनी खाल्ले. परिणामी शोषलेल्या कार्बनचा बहुतांश भाग वरच्या थरातच फिरत राहिला आणि खाली बुडणाऱ्या कार्बनात लक्षणीय वाढ झाली नाही. आयफेक्स आणि लोहाफेक्स या दोन प्रयोगांच्या तुलनेतून हे सिद्ध झाले की लोह टाकल्याने कार्बन खोलवर जाईल की नाही, हे त्या पाण्यातील सिलिका, तेथील प्लवकांच्या जाती आणि त्यांचे भक्षक यांवर अवलंबून असते, आणि म्हणून लोहाच्या टनांवरून कार्बनचे टन मोजून विकणाऱ्या कोणत्याही योजनेला शास्त्रीय पाया नाही. कंपन्यांच्या दाव्यांना याहून सबळ उत्तर दुसरे कोणते नव्हते, आणि ते उत्तर ज्या प्रयोगाला थांबवण्याची मागणी झाली होती त्याच प्रयोगातून मिळाले.

लोहाफेक्सनंतर नियमांची चौकट हळूहळू भरत गेली. २०१० साली लंडन करार व प्रोटोकॉलच्या सदस्यांनी प्रस्तावित प्रयोग वैध शास्त्रीय संशोधन आहे की नाही, हे ठरवण्याची तपशीलवार पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी जपानमधील नागोया येथे जैवविविधता कराराच्या दहाव्या परिषदेने बॉनच्या ठरावाची व्याप्ती वाढवून भू-अभियांत्रिकीच्या सर्वच प्रकारांबाबत सावधगिरीचे आवाहन केले. पण नियम कागदावर असूनही २०१२च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, हैडा ग्वाई बेटांजवळ, एका स्थानिक महामंडळाने सामन माशांची पैदास वाढवण्यासाठी आणि कार्बन श्रेयांक मिळवण्याच्या आशेने सुमारे शंभर टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात टाकले. या उपक्रमामागे पुन्हा रस जॉर्ज हेच होते. जगाला ही गोष्ट कळली ती काही महिन्यांनंतर, वृत्तपत्रांतून. लोहाफेक्सने टाकले त्याच्या कितीतरी पट लोह, स्वतंत्र तपासणीशिवाय आणि आगाऊ जाहीर वादाशिवाय, समुद्रात गेले होते. त्याची प्रतिक्रिया म्हणून ऑक्टोबर २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती संमत झाली, जिच्यानुसार समुद्राला खत घालणे, वैध संशोधनाचा अपवाद वगळता, कायद्याने निषिद्ध ठरेल. मात्र ती अंमलात येण्यासाठी दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते, आणि दशक उलटून गेल्यावरही मोजक्याच देशांनी ती दिली असल्याने ही दुरुस्ती अद्याप लागू झालेली नाही. भू-अभियांत्रिकीच्या सर्व प्रकारांचा एकत्रित आढावा घेण्याचा स्वित्झर्लंड आदी देशांचा प्रस्तावही मार्च २०१९ मध्ये नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत अमेरिका आणि सौदी अरेबिया यांच्या विरोधामुळे बारगळला.

या साऱ्या घडामोडींकडे एकत्रितपणे पाहिले असता दोन्ही बाजूंना न्याय देणारा निष्कर्ष काढावा लागतो. आक्षेप घेणाऱ्या संघटनांचा मूळ मुद्दा योग्य होता : खुला समुद्र सर्वांचा आहे, आणि त्यावर प्रयोग करणाऱ्याने, तो कितीही प्रामाणिक असला तरी, जहाज निघण्यापूर्वी आपली तपासणी जगासमोर ठेवली पाहिजे. २००९ साली ती तपासणी जहाज समुद्रात असताना करावी लागली, ही दोन्ही देशांच्या यंत्रणांची उणीव होती. दुसऱ्या बाजूने, व्यापाराला रोखण्यासाठी केलेल्या नियमांचा भार सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक संस्थांनी, निष्कर्ष प्रसिद्ध करण्याच्या हेतूने केलेल्या संशोधनावर पडला, आणि ज्यांना नियमांची पर्वा नव्हती ते मात्र त्यांतून निसटले. लोहाफेक्सनंतर खुल्या समुद्रात त्या तोडीचा एकही शास्त्रीय लोहप्रयोग पुढची अनेक वर्षे झाला नाही, तर कार्बन विकण्याच्या योजना नव्या नावांनी पुढे येतच राहिल्या. समुद्राबाबतचे अज्ञान अशा योजनांना सोयीचे असते, कारण ज्याचे मोजमाप झालेले नाही त्याविषयी कोणताही दावा करता येतो.

भारतासाठी या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. पावसाळ्यावर ज्या देशाची शेती आणि पाणी अवलंबून आहे, त्याला हवामानातील कोणत्याही जाणीवपूर्वक हस्तक्षेपाचे परिणाम इतरांच्या आधी भोगावे लागतील, आणि म्हणूनच अशा हस्तक्षेपांचे नियम ठरत असताना त्याला प्रेक्षक राहून चालणार नाही. गोव्यातील संस्थेने २००९ साली सिद्ध केले की या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेण्याची क्षमता भारताकडे आहे. आता गरज आहे ती तितक्याच सक्षम कार्यपद्धतीची, ज्यात प्रयोगाचा आराखडा आधी जाहीर होईल, त्याची तपासणी त्रयस्थ तज्ज्ञ करतील, नोंदी सर्वांसाठी खुल्या राहतील, कार्बन विक्रीचा संबंध पूर्ण तोडला जाईल आणि परवानगी देणारे किंवा नाकारणारे कार्यालय कोणते हे जहाज बंदर सोडण्यापूर्वी स्पष्ट असेल. संशोधन आणि लोकांची संमती यांत विरोध नाही. संमती आधी आणि संशोधन नंतर हा क्रम पाळला तर लोहाफेक्ससारखे प्रयोग वादात न अडकता जगाला आवश्यक ते ज्ञान देऊ शकतील, आणि तो क्रम घालून देण्याची जबाबदारी सरकारांनी यापुढे टाळता कामा नये.